दरवर्षी गव्हाचं रेकॉर्ड, मग हवामान बदलाने पीक घटतंय हे खरं कसं?

मंगळवेढ्याचा_गडी:

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा विचारतोय. मी पुण्यात नोकरीला, घरची जिरायत मंगळवेढ्याकडे, वडील आणि चुलते बघतात. प्रश्न असाय की सगळीकडे वाचायला मिळतं, तापमान एक डिग्रीने वाढलं की जगात गहू ६ टक्के कमी, मका ७ च्या वर कमी, भात ३ च्या आसपास कमी, आणि सगळ्यात जास्त मार आपल्यासारख्या देशांना. ठीक आहे. पण सरकारचे आकडे काढले तर २०२३-२४ ला देशात गहू ११ कोटी ३३ लाख टन, रेकॉर्ड. २०२४-२५ ला ११ कोटी ७९ लाख टन, परत रेकॉर्ड. मग घटतंय कुठं नेमकं?

चुलते म्हणतात हे सगळं एसीत बसून लिहिलेलं असतं, दुष्काळ आधी पण होतेच, बहात्तरला काय कार्बन होता का. वडील म्हणतात तसं नाही, पेरणीचा काही नेमच राहिला नाही, ज्वारी पहिल्यासारखी भरत नाही. दोघंही रोज रानात असतात आणि दोघांचं ऐकलं की दोघंही बरोबर वाटतात. अजून एक म्हणजे गव्हावर सगळे बोलतात, भातावर बोलतात, आमच्या ज्वारीवर ढंगाची एक ओळ सापडत नाही. जाणकारांनी जरा सांगा. गुगल करून बघ असं नको, तेच करून डोकं उठलंय.

ओंबी_निफाड:

गडी, प्रश्न चांगला विचारलात. घोळ असा होतो की "घटलं" म्हटलं की आपण गेल्या वर्षीपेक्षा कमी झालं असं धरतो. शास्त्रज्ञ मोजतात ते वेगळं. हवामान बदललं नसतं तर किती पिकलं असतं आणि प्रत्यक्षात किती पिकलं, त्या दोघांतला फरक ते काढतात. नवे वाण, खतं, बोअर, यंत्रं यांनी उत्पादन एका बाजूने वर चाललंय आणि उष्णता दुसऱ्या बाजूने त्यातलं थोडं थोडं काढून घेतीय. पगार दरवर्षी वाढतो पण हप्ते कापून हातात काय येतं तो हिशोब वेगळा असतो ना, तसंच. २०११ ला लोबेल, श्लेंकर वगैरे शास्त्रज्ञांनी १९८० ते २००८ चा जगाचा हिशोब केला होता, त्यात निघालं की हवामान तसंच राहिलं असतं तर जेवढा गहू झाला असता त्यापेक्षा ५.५ टक्के कमी झाला आणि मका ३.८ टक्के कमी. त्या काळात जगाचं गव्हाचं उत्पादन वाढतच होतं, तरी. म्हणजे तुमचं रेकॉर्ड पण खरं आणि घट पण खरी.

आणि ही घट एरवी डोळ्याला दिसत नाही पण एका वर्षी ती उघडी पडली, २०२२. तो मार्च महिना देशात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम मार्च होता. फेब्रुवारीत सरकारी अंदाज ११ कोटी १३ लाख टनांचा होता, तो नंतर खाली आणावा लागला. एप्रिलमध्ये आपण जगाला गहू पुरवू अशी भाषा चालू होती आणि १३ मे ला निर्यात बंद! पंजाब हरियाणात दाणा इतका सुरकुतलेला आला की सरकारी खरेदीत सुरकुतलेल्या दाण्याची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्के करावी लागली, नाहीतर माल घेताच आला नसता. आता यात गंमत बघा, पाणी होतं, खत होतं, वाण तेच, शेतकरी तेच. जानेवारीपर्यंत पीक बघून लोक खूष होते. फक्त ओंबीत दाणा भरायच्या वेळेला दोन-तीन आठवडे ऊन जास्त लागलं. गव्हाला या टप्प्यात पारा तिशीच्या वर गेला की झाड घाई करतं, पान लवकर पिवळं पडतं, दाण्यात पिष्ट भरायला जे दिवस मिळतात तेच कमी होतात. ओंबी तेवढीच, दाणेही जवळपास तेवढेच, पण पोतं भरत नाही.

आपल्या महाराष्ट्रात तर गव्हाची थंडी मुळातच तोकडी. निफाडचा पारा घसरला की टीव्हीवाले द्राक्षाच्या बागेत शेकोट्या दाखवतात, गव्हाला तीच थंडी हवी असते हे कुणी दाखवत नाही. इकडचा जुना नियम आहे, १५ नोव्हेंबरनंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पन्न गेलं. आणि उशीर तर होणारच, परतीचा पाऊस लांबतो, सोयाबीन चिखलात उभं राहतं, रान मोकळं व्हायला वेळ, मग गहू डिसेंबरात पेरायचा आणि त्याचा दाणा बरोबर मार्चच्या उन्हात भरणार. म्हणजे शेवटी ऊन वाढलंय तर आहेच पण पावसाने पेरणी पुढे ढकलली म्हणून पीकच उन्हाकडे सरकलं, हा दुहेरी फटका आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राने फुले समाधान म्हणून वाण काढला तो वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालतो, तो यासाठीच.

सरळ_बोलतो:

सगळं वाचलं. छान. पण ज्वारीचा पेरा महाराष्ट्रात घटला तो उन्हाने नाही हो, परवडत नाही म्हणून घटला. मालदांडी ज्वारीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ३७४९ रुपये, कागदावर. त्या भावाने घेतो कोण? काढणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर जेवढं पिकलं त्यातलं निम्मं त्यालाच. गव्हाला हार्वेस्टर येऊन अर्ध्या तासात मोकळा करून जातो. वर रेशनवर गहू तांदूळ फुकट, भाकरी खाणारच कमी झाले, आणि पाणी आलं की लोकांनी ऊस लावला. यात हवामान बदल कुठून आला?

माझं म्हणणं एवढंच की हवामान बदल हा लय सोयीचा शब्द झालाय. भाव पडला हवामान, विमा नाही मिळाला हवामान, धरणाचं पाणी कुठं गेलं ते विचारलं की हवामान. एक रुपयात पीक विमा २०२३ ला आला २०२५ ला गेला, आता भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळातल्या थोड्या रानांत कापून मोजलेली सरासरी चांगली आली की माझं रान बुडालं तरी मी कोण. चुलत्यांचं मला पटतंय. बाकी चालू द्या.

सीनाकाठची:

सरळभाऊ, पेरा कमी का झाला आणि जो पेरलाय तो का भरत नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही पहिलीचं उत्तर दुसरीला दिलंत. मजुराचं आणि भावाचं तुमचं शंभर टक्के खरंय, मी माढा तालुक्यात स्वतः करते, मला नका सांगू 😄 पण गड्याने विचारलंय ते भरत का नाही.

गडी दादा, तुमच्या ज्वारीवर मी सांगते जेवढं मला कळतं. आपली रब्बी ज्वारी पावसावर येतच नाही, ती जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं उलगडतं. पावसाळाभर काळं रान नुसतं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या द्यायच्या, पाणी जिरवायचं, आणि उत्तरा हस्तात, म्हणजे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत वाफसा (पेरणीजोगी ओल) बघून तिफण धरायची. पुढचे चार महिने पिकाने त्या साठ्यावरच काढायचे. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या स्थानिक ज्वारीतून निवडलेला, नव्वद वर्षं झाली तरी लोक तोच मागतात कारण त्याला ह्या हिशोबाची सवय आहे, भाकरी गोड आणि कडबा भरपूर.

आता काय होतंय. जुलै ऑगस्ट कोरडा जातो, २०२३ चा ऑगस्ट आठवा, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, उजनी सुद्धा भरली नाही, ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्या वर्षी रानात साठाच नव्हता, पेरली ती गुडघ्याएवढी होऊन थांबली. आणि उलटं म्हणजे २०२५, सप्टेंबरात सीना नदीला जो पूर आला त्याने आमच्याकडे ओल सोडा, मातीच गेली. खरवडलेल्या रानात मुरूम उघडा पडला, त्यात कुठली ज्वारी आणि कुठला हरभरा. जिथं माती राहिली तिथं वाफसा यायला दिवाळी गेली. उशिरा पेरली की खोडमाशी जास्त, पोंगा म्हणजे मधला कोंब मरतो, आणि दाणा भरायच्या वेळेला खालची ओल संपलेली असते, वरून ऊन तापायला लागलेलं. अशा वेळेला खडखड्या येतो, ताट बुडातून पोकळ होतं, वाऱ्याने सगळं रान लोळतं. लोक म्हणतात रोग आला. रोग तर मातीत असतोच, ओल तुटली की तो जोर धरतो.

आणि एवढ्यातून वाचलीच तर फेब्रुवारीत काढून टाकलेल्या कणसावर अवकाळी. दाणा काळा पडतो, कडबा कुजतो. आडतीवर काळ्या ज्वारीला भाव विचारून बघा.

वर्षाचा पाऊस मोजला तर बहुतेक वेळा तेवढाच असतो बरं का. तुमचे चुलते त्यामुळं म्हणत असतील काही बदललं नाही. बहात्तरला पाऊसच नव्हता, सलग दोन-तीन वर्षं मार खाल्ला होता, माणसं सुकडी आणि अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीवर जगली, माझी सासू अजून त्या मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करते. आताचा प्रकार तो नाही. आता पाऊस येतो पण नको तेव्हा येतो, आणि एकदम येतो. आधीची माणसं म्हणायची पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती, आता स्वातीत एवढा पडतो की मोती कुजतात.

ओंबी_निफाड:

सीनाकाठच्या ताई पाऊस एकदम येतो म्हणाल्या त्याला आकडा पण आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी कोल यांचा २०१७ चा अभ्यास आहे, १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याच काळात एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत होता. अरबी समुद्र तापला, वारे जास्त बाष्प घेऊन येतात आणि ते ओततात. ओतलेलं पाणी जिरत नाही, वाहून जातं. ज्वारीला जिरलेलंच लागतं.

अजून एक राहिलं. कार्बनडाय वाढला की पिकं जास्त वाढतात असं एक म्हणणं असतं, व्हॉट्सॅपवर फिरत असतं. गहू भाताला त्याचा थोडा फायदा होतो हे खरंच आहे. पण ज्वारी, बाजरी, मका, ऊस ह्यांची कार्बन धरायची पद्धत वेगळी, ती आधीच पोटभर घेतात, त्यांना जास्त कार्बनचा उपयोग जवळपास शून्य, दुष्काळात थोडं पाणी वाचतं तेवढंच. म्हणजे आपल्या कोरडवाहू पिकांना उन्हाचा तोटा पूर्ण आणि कार्बनचा फायदा नाही. आणि गव्हाला जो फायदा होतो त्यातही मेख आहे. २०१४ ला नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं होतं, जास्त कार्बनच्या हवेत वाढवलेल्या गव्हात जस्त ९ टक्क्यांच्या वर कमी, लोह ५ टक्के कमी, प्रथिनं ६ टक्के कमी. पोतं तेवढंच भरेल पण पोतं खाऊन अंगी लागणार कमी. ज्यांचं पोट दोन वेळच्या चपाती भातावरच आहे त्यांना हे महागात जाणार.

लुसाकातून:

मी मूळचा साताऱ्याचा, कामाच्या निमित्ताने झांबियात लुसाकाला असतो. धागा वाचून राहवलं नाही कारण इथं २०२४ ला जे बघितलं ते अगदी सीनाकाठच्या ताई म्हणतात तसंच, फक्त पीक मका.

इथं मका म्हणजे सगळं. न्शिमा म्हणून मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करतात, आपल्या उकडीच्या जवळ जाणारा, तो नाही खाल्ला तर जेवलं असं कुणी म्हणत नाही. पेरणी नोव्हेंबर डिसेंबरात आणि सगळा पावसावर, कालवे वगैरे प्रकार नाही, लहान शेतकऱ्याकडे तर नाहीच. त्या हंगामात एल निनो होता, म्हणजे प्रशांत महासागर तापून पावसाचं गणित बिघडतं तो प्रकार. पेरणी झाली, उगवण झाली, मका कमरेला आला, आणि जानेवारीच्या मध्यापासून पाऊस बंद. पाच आठवडे. मक्याला तुरा आणि केस येण्याची वेळ नेमकी तीच. केस सुकले की परागकण पडले काय नि न पडले काय, कणीस बोडकं. लांबून शेत हिरवं दिसायचं, जवळ जाऊन कणीस सोलायचं तर आत दहा दाणे. २९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, ११६ पैकी ८४ जिल्हे. मग मार्चमध्ये मलावी, एप्रिलमध्ये झिंबाब्वे. देशाचं मक्याचं पीक आदल्या वर्षीच्या निम्म्याच्या आसपास आलं. एका वर्षात निम्मं!

आणि इथं एकावर एक येतं. करिबा धरणात पाणी नाही म्हणून वीज नाही, दिवसाचे बरेच तास लाइट नसायची. वीज नाही म्हणजे पिठाच्या गिरण्या बंद. म्हणजे मका आयात करून आणला तरी दळायचा कुठं. पिठाच्या पोत्याचा भाव बघून आमच्या ऑफिसचा वॉचमन डोक्याला हात लावायचा.

सरळ_बोलतो यांना एक सांगतो, आफ्रिकेतल्या वीस हजारांवर मका चाचण्यांचा डेटा घेऊन एक अभ्यास झाला होता २०११ ला. त्यात ३० डिग्रीच्या वरचं तापमान मोजलं, एक दिवस एक डिग्रीने वर गेला की उत्पन्न एक टक्का कमी, तेही पाऊस चांगला असताना. दुष्काळ असेल तर १.७ टक्के. तिथं भावाचा संबंध नाही, मजुराचा नाही, प्रयोगाचे प्लॉट होते ते.

गंमत म्हणजे इथं पण पूर्वी ज्वारी आणि नाचणीच होती. मका इंग्रजांच्या काळात पसरला, खाणीतल्या कामगारांना पीठ पुरवायला सोयीचा म्हणून, नंतर सरकारने त्यालाच खताची सबसिडी आणि त्याचीच खरेदी. आता दुष्काळ पडला की शेतीखातं म्हणतं ज्वारी लावा. लोक म्हणतात आम्हाला न्शिमा पांढरीच पाहिजे. आपल्याकडे भाकरीचं जे झालं तेच उलट्या बाजूने.

सरळ_बोलतो:

झांबियाचं वाचून वाईट वाटलं. पण बघा तुम्ही पण शेवटी सबसिडीवरच आलात 🙂 सरकारने मका लावायला लावला, पाऊस गेल्यावर शेतकरी उघडा. ऊन वाढलंय हे मी नाकारत नाही, मे महिन्यात मी पण घामच पुसतो. माझा मुद्दा की सगळं खापर उन्हावर फोडून कोणाच्याच अंगाला काही लागत नाही.

ओंबी_निफाड:

अहो मग भांडण कुठंय. पंजाबात उन्हाने दाणा बारीक झाला तरी शेतकऱ्याचा माल सरकारने नियम सैल करून घेतला. माढ्यात काळी पडलेली ज्वारी कोण नियम सैल करून घेतो? हवामान दोघांचंही फिरलं, मार कुणाला किती बसला ते पाणी आणि खरेदी कुणाकडे आहे त्यावर ठरलं. गरीब देशांना जास्त फटका म्हणतात ते यालाच. आणि सरकारला पण हे माहिती आहे, संसदेत कृषी खात्याने दिलेलं उत्तर आहे, काही उपाय केले नाहीत तर पावसावरचा भात २०५० पर्यंत २० टक्के घटेल, आणि पाण्याखालचा भात फक्त साडेतीन टक्के. तोच देश, तोच भात! फरक विहिरीचा. गहू मात्र १९ टक्के सांगितलाय, कारण उन्हापुढे पाण्याचा पण एका मर्यादेपर्यंतच इलाज चालतो.

खाजणातली:

कोकणातून हजेरी लावते. आमच्याकडे पाऊस कमी पडला अशी तक्रार कुणी करत नाही, भात कापायला आला की धो धो येतो ही तक्रार. पूर्वी दसऱ्यानंतर कापणी, पेंढ्या बांधावर वाळायच्या. आता ऑक्टोबर संपेपर्यंत ढग असतात, लोंबी आडवी होऊन पाण्यात, उभ्या उभ्याच दाण्याला मोड येतात. पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा म्हणायचे, एवढं पिकायचं. आता उत्तरा पडून थांबतच नाही ना.

दुसरं रात्रीचं. दिवसाच्या उन्हावर सगळे बोलतात, भाताला रात्र गरम झालेली जास्त बाधते. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्यांच्या स्वतःच्या शेतातली वर्षानुवर्षांची नोंद काढून २००४ ला सांगितलं होतं, रात्रीचं किमान तापमान एक डिग्रीने वाढलं तर उन्हाळी भात १० टक्के कमी येतो. झाड रात्री पण श्वास घेतं, गरम रात्री जास्त घेतं, दिवसभर कमावलेलं रात्री खर्च.

खाजणाचं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेताचं वेगळंच, उधाणाचं पाणी बांध फोडून आत येतं. गोव्यात आणि आमच्या बाजूला अजून काहीजण कोरगूट हा जुना भात लावतात, खारं सहन करतो, उत्पन्न कमी पण काहीतरी हाताला लागतं. नवीन बियाणं एका भरतीत पिवळं पडलेलं मी बघितलंय. बाकी ज्वारीतलं मला कळत नाही, वाचत्ये.

मंगळवेढ्याचा_गडी:

बापरे, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. सीनाकाठच्या ताई, तुमचं वडलांना फोनवर वाचून दाखवलं, ते खडखड्यापाशी थांबवून म्हणाले हेच हेच, दोन वर्षं औषधवाल्याने भलतंच फवारायला लावलं. चुलते ऐकत होते, ते म्हणाले ओलीचं खरंय पण कार्बनचं आम्हाला शिकवू नका 😅 चालायचंच.

मला आता कळलेलं असं की एकूण किती पाऊस आणि सरासरी किती तापमान याला पिकाच्या लेखी फार अर्थ नाही, पोटरी (कणीस बाहेर पडायच्या आधीचा टप्पा), फुलोरा, दाणा ह्या थोड्या दिवसांत काय होतं त्यावर सगळं. बरोबर ना? मग प्रश्न पुढचा. आमचं थोडं रान हलकं आहे, माळाकडचं, आणि खाली ओढ्याकडे भारी काळं. सगळीकडे मालदांडीच पेरतात. विहीर आहे पण डिसेंबरात तळाला जाते. ह्यात काय बदल करता येईल? ऊस सांगू नका, त्यावरून घरात आधीच एक भांडण झालंय.

सीनाकाठची:

बरोबर समजलात. हलक्या रानात मालदांडी हा हट्ट सोडा आधी. मालदांडीला खोल माती लागते, हलक्यात ती उंच वाढते आणि दाण्याच्या वेळी उपाशी मरते. राहुरी कृषी विद्यापीठाचे जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण आहेत, हलक्याला फुले अनुराधा नाहीतर फुले माऊली, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, फुले यशोदा. अनुराधा लवकर येते, ओल संपायच्या आत दाणा भरून मोकळी, म्हणून हलक्याला. कुठलं रान हलकं ते नजरेनं ठरवू नका, दोन-चार ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो बघा, फुटभरावर लागला तर हलकं समजा. खाली ओढ्याकडे ठेवा मालदांडी, घरच्या भाकरीला आणि कडब्याला.

विहीर तळाला जाते म्हणता ना, मग दोन-तीन पाण्याचं स्वप्न बघू नका, एकच पाणी ठेवा आणि ते पोटरीत द्या, पन्नास-पंचावन्न दिवसांच्या आसपास. लोक सुरुवातीला हिरवं दिसावं म्हणून आधीच देऊन बसतात.

कोळपण्या चुकवू नका. तिसरी कोळपणी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करायची, ती तणासाठी नसतेच, काळ्या रानाला भेगा पडतात त्या बुजवायला असते, भेगेतूनच सगळी ओल उडून जाते. आमच्याकडे पोरं तणनाशक मारलंय म्हणून कोळपणी सोडतात आणि मग ज्वारी सुकली म्हणून बसतात. बियाण्याला गंधक चोळा, काणी रोग येत नाही, खर्च काहीच नाही.

ओंबी_निफाड:

ताईंनी सगळं सांगितलंच. फक्त वाफ्यांचं राहिलं. सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ पासून हेच काम करतंय, त्यांची शिफारस आहे की रब्बीच्या रानात पावसाळ्यातच उताराला आडवे छोटे वाफे पाडून ठेवायचे, साधारण दहा बाय बारा फुटांचे. पडलेला पाऊस तिथल्या तिथं जिरतो. आता पाऊस एकदम पडतो म्हणून तर हे जास्तच लागू झालं, वाहून जाणारं पाणी अडवलं की सप्टेंबरातल्या एका मोठ्या पावसाचं सुद्धा चीज होतं. पुरासारखा आला तर वाफे राहत नाहीत हे पण सांगतो, २०२५ सारख्यात काहीच राहत नाही.

सरळ_बोलतो:

फुले अनुराधाचं बियाणं वेळेवर मिळतं का ते पण सांगा. नाहीतर वाण विद्यापीठात आणि दुकानात तेच जुनं.

सीनाकाठची:

हे मात्र बरोबर बोललात 😄 दुकानाच्या भरवशावर राहू नका. ऑगस्टमध्येच विद्यापीठाच्या बियाणे विक्रीला नाहीतर केव्हीकेला (कृषी विज्ञान केंद्राला) विचारून ठेवा. सरळ वाण आहे, हायब्रीड नाही, एकदा चार-पाच किलो आणलं की पुढच्या वर्षी स्वतःचंच निवडून ठेवता येतं. चांगली कणसं उभ्या पिकात असतानाच खूण करून ठेवायची, खळ्यावर निवडत बसायचं नाही. आणि गडी दादा, वाफे जुलैतच पाडून घ्या, वडलांना आत्ताच सांगून ठेवा. उत्तरा लागल्यावर ट्रॅक्टरवाला कुणाला भेटत नाही.